भास्कराचार्यांच्या बीजांतील जाती आणि संगणकाची भाषा

१ एप्रिल १९५७ रोजीं भारतांत दशमान नाणें सुरू झालें. त्या दिवसापर्यंत कऱ्हाड आणि त्याला लागूनच असलेलें मलकापूर ह्यांसारख्या कृष्णाकांठच्या गांवांतील प्रत्येक दुकानदार आपल्या कीर्दवहींत रोज थोडें बीजगणितच करीत असे. पैंची बेरीज बारा झाली कीं एक आणा हातचा. आण्यांची बेरीज सोळा झाली कीं एक रुपया हातचा. त्याच वहींत धान्याचाहि हिशेब असे, आणि तेथें चार शेरांची एक पायली होई. क्रिया एकच, बेरजेची. परंतु चलनाची बेरीज एका नियमानें चाले आणि धान्याची दुसऱ्या. तीन रुपये आणि दोन पायल्या ह्यांची बेरीज करून 'पांच' असा आंकडा मांडणारा कारकून दुसऱ्या दिवशीं पेढीवर राहिला नसता.

आणे-पै गेले, पायलीहि गेली. परंतु ही अडचण गेली नाहीं. मलकापूर हें नगर अलीकडील काळांत घरोघर मापकें बसवून चोवीस तास पाणी पुरविण्याच्या योजनेमुळें नांवारूपास आलें. तेथील एखाद्या घरानें वापरलेलें पाणी घनमीटरांत मोजावयाचें, आणि त्याचा दर दर घनमीटरास रुपये असा सांगावयाचा. ह्या दोन राशि भिन्न आहेत. त्यांची बेरीज करूं म्हटलें तर कांहींच अर्थ निघत नाहीं; गुणाकार केला तर मात्र रुपये ही तिसरीच राशि जन्माला येते. ह्याचा अर्थ असा कीं, राशि नुसत्या संख्येनें ओळखली जात नाहीं. ती कोणत्या जातीची, हें आधीं ठरावें लागतें. जाति ठरली म्हणजे तिच्यावर कोणत्या क्रिया चालतात आणि त्यांचें फळ कोणत्या जातीचें निघतें, हेंहि ठरून जातें. हा विचार आजच्या संगणकभाषांचा एक मुख्य आधारस्तंभ आहे. आणि बाराव्या शतकांत सह्याद्रीच्या आश्रयानें लिहिल्या गेलेल्या एका संस्कृत ग्रंथाची तर सारी मांडणीच त्यावर उभी आहे.

तो ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांचें 'बीजगणित'. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. आपलें गांव सह्याद्रीच्या प्रदेशांत असून त्याचें नांव विज्जडविड, असें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. हें गांव नेमकें कोणतें, ह्याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. परंतु त्यांच्या कुळाचा आणि विद्येचा संबंध खानदेशांतील चाळीसगांवजवळच्या पाटणाशीं निश्चित जोडला गेला आहे. कऱ्हाडच्या पश्चिमेस कोयनेच्या खोऱ्यांत पाटण नांवाचें जें गांव आहे, तें हें नव्हे.

भास्कराचार्यांच्याहि पूर्वीं, इ. स. ६२८ मध्यें, ब्रह्मगुप्तानें 'ब्राह्मस्फुटसिद्धान्तां'त धन, ऋण आणि शून्य ह्यांचे नियम सांगितले होते. भास्कराचार्यांनीं त्या परंपरेंतील सामग्री घेऊन तिला एक विलक्षण शिस्त लाविली. 'बीजगणिता'च्या आरंभींचीं प्रकरणें पाहिलीं म्हणजे ही शिस्त ध्यानांत येते. संकलन, व्यवकलन, गुणन, भागहार, वर्ग आणि वर्गमूळ ह्या सहा क्रिया त्यांनीं घेतल्या, आणि त्या प्रत्येक जातीच्या राशीला पुनः पुनः लावून दाखविल्या. प्रथम धन आणि ऋण राशींचें षड्विध, मग शून्याचें, मग अव्यक्ताचें म्हणजे ज्यांचें मूल्य ठाऊक नाहीं अशा राशींचें, आणि त्यानंतर करणीचें, म्हणजे ज्यांचें वर्गमूळ पूर्ण निघत नाहीं अशा राशींचें. क्रियांचीं नांवें तींच. परंतु जाति बदलली कीं क्रियेची रीति नव्यानें सांगावयाची, हा त्यांचा क्रम आहे. नवी जाति कल्पिली तर तिचें षड्विध सिद्ध केल्यावांचून ती गणितांत वापरावयाची नाहीं, असा जणूं त्यांचा दंडकच होता.

अव्यक्त राशींना त्यांनीं पूर्वपरंपरेप्रमाणें नांवें दिलीं. पहिली 'यावत्तावत्', म्हणजे 'जितकी असेल तितकी'; पुढच्या राशींना रंगांचीं नांवें: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहितांना त्यांचीं पहिलींच अक्षरें घ्यावयाचीं: या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला रूप म्हणावयाचें आणि 'रू' असें लिहावयाचें. वर्गासाठीं 'व', घनासाठीं 'घ', करणीसाठीं 'क'. आणि राशि ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. ह्या लिपीनें काय साधतें, हें एका उदाहरणावरून दिसेल. एका शेतकऱ्याजवळ चार बैल आणि ६०० रुपये आहेत. दुसऱ्याजवळ सात बैल आहेत, पण त्याला ३०० रुपये कर्ज आहे. दोघांची मत्ता सारखीच आहे, तर एका बैलाची किंमत किती? एक पक्ष 'या ४ रू ६००' असा, आणि त्याच्या खालीं दुसरा पक्ष 'या ७ रू ३००' असा मांडावयाचा. ह्या शेवटच्या तीनशेंच्या डोक्यावर ऋणाचें टिंब. वरच्या पक्षांतील 'या' खालच्यांतून वजा केले कीं 'या ३' उरतात. खालचें रूप वरच्यांतून वजा केलें कीं, ऋणाचें धन होऊन, 'रू ९००' उरतें. म्हणून बैलाची किंमत ३०० रुपये. ह्यांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, किंमत ठाऊक होण्याच्या आधींच 'या'वर सर्व क्रिया निर्वेधपणें चालल्या. ज्याचें मूल्य हातीं नाहीं त्याचा हिशेब त्याच्या नांवावर करावयाचा, ह्यालाच आज चिन्हगणित म्हणतात.

अव्यक्ताच्या प्रकरणांत भास्कराचार्यांनीं घातलेला नियम असा आहे कीं, बेरीज-वजाबाकी समान जातीच्या राशींचीच होते. भिन्न जातीच्या राशि एकमेकींशेजारीं वेगळ्या मांडून ठेवावयाच्या. गुणाकाराचा नियम याहूनहि बोलका आहे. 'या ३' ह्यास 'रू ५' नें गुणिलें तर 'या १५', कारण वर्णाला रूपानें गुणिलें असतां वर्णच राहतो. 'या ३' ह्यास 'या ५' नें गुणिलें तर 'या व १५', कारण वर्ण स्वतःच्याच जातीनें गुणिला म्हणजे वर्ग होतो. आणि 'या ३' ह्यास 'का ५' नें गुणिलें तर 'या का भा १५'. येथें दोन भिन्न वर्णांच्या गुणाकारानें 'भावित' नांवाची नवीच जाति उत्पन्न होते. गुणाकार कसा करावयाचा, हें एकट्या गुण्यावरून किंवा एकट्या गुणकावरून ठरत नाहीं. दोघांची जाति पाहून ठरतें. मलकापूरच्या पाण्याचे घनमीटर आणि त्यांचा दर ह्यांचा गुणाकार अशाच भाविताच्या मार्गानें रुपयांत जातो.

करणीच्या प्रकरणांत ही सूक्ष्मता आणखी वाढते. २ चें वर्गमूळ आणि ८ चें वर्गमूळ ह्यांची बेरीज काय? दशांशांत उतरावें तर दोन्ही आंकडे कोठें तरी तोडावे लागतात, आणि तोडलेल्या आंकड्यांत सत्याचा अंश तितकाच कमी होतो. भास्कराचार्य तसें करीत नाहींत. त्यांच्या रीतीनें २ आणि ८ ह्यांची बेरीज १०. त्यांच्या गुणाकाराच्या, म्हणजे १६ च्या, वर्गमूळाची दुप्पट ८. दोहोंची बेरीज १८. म्हणून उत्तर 'क १८', म्हणजे १८ चें वर्गमूळ. त्यांत एका केसाचीहि तूट नाहीं. ३ आणि ७ ह्या करण्यांचा गुणाकार २१. त्याचें मूळ पूर्ण निघत नाहीं. म्हणून त्यांची बेरीज होत नाहीं, त्या जवळजवळ मांडून ठेवावयाच्या. उत्तर मिळत नसतां तें मिळाल्याचा आव आणावयाचा नाहीं, ही गणिती सचोटी त्यांत आहे.

शून्यानें भागिलेल्या राशीला त्यांनीं 'खहर' हें नांव दिलें. ह्या राशींत कांहींहि मिळविलें किंवा तींतून कांहींहि काढलें तरी ती बदलत नाहीं, असें सांगून त्यांनीं तिला प्रलयकाळीं अविकारी राहणाऱ्या अच्युताची उपमा दिली. शून्याविषयींचे त्यांचे सर्वच नियम आजच्या कसोटीला उतरतात असें नाहीं. परंतु न सुटणारी क्रिया टाकून न देतां तिला स्वतंत्र जाति समजून नांव द्यावयाचें, ही त्यांची दृष्टि लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

युरोपांत अक्षरांचें गणित याहून पुष्कळ उशिरां स्थिर झालें. फ्रान्समधील व्हिएत ह्यानें १५९१ मध्यें ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्ही राशींना अक्षरें दिलीं, आणि देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानें आज शाळांतून शिकविली जाणारी लिपि रूढ केली. भास्कराचार्यांचें 'बीजगणित' ह्याच सुमारास, १६३४-३५ मध्यें, फारसींत उतरलें. कोलब्रुक ह्यानें १८१७ मध्यें लंडनला त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें.

विसाव्या शतकाच्या मध्यास संगणक आले तेव्हां ते केवळ आंकड्यांचे गुलाम होते. 'या'चें मूल्य सांगितल्यावांचून त्यांचें पाऊल पुढें पडत नसे. १९५३ मध्यें अमेरिकेंतील दोन विद्यार्थ्यांनीं आपापल्या प्रबंधांत यंत्राकडून चिन्हरूप अवकलन करून दाखविलें. १९६८ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत 'मॅक्सिमा'ची पूर्वज 'मॅकसिमा' ही चिन्हगणिताची प्रणालि बांधण्यास आरंभ झाला. इकडे नॉर्वेंत डाल आणि न्यूगार्ड ह्यांनीं 'सिम्युला ६७' ह्या भाषेंत आज्ञावली लिहिणाऱ्याला स्वतःच्या जाती निर्माण करण्याची सोय दिली. हे दोन प्रवाह, चिन्हांचा आणि जातींचा, पुढें एकत्र आले. तो संगम आज विशेषेंकरून दिसतो तो पायथॉन आणि ज्युलिया ह्या दोन मुक्तस्रोत भाषांत. ज्या भाषेची मूळ संहिता कोणालाहि वाचतां, तपासतां, सुधारतां आणि इतरांना देतां येते, ती मुक्तस्रोत.

पायथॉन भाषा गिडो व्हान रोसम ह्यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केली. तिच्या निर्मात्याला रुपये-आणे-पैंचा हिशेब ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु कोणीहि त्या भाषेंत 'जुनें चलन' नांवाची जाति घडवूं शकतो. तिच्या पोटांत तीन आंकडे असतील. आणि बेरजेचें चिन्ह दिसलें म्हणजे बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया करावा, अशी आज्ञा तिला देऊन ठेवावयाची. तेवढें झालें कीं नेहमींचें अधिकचिन्ह त्या जातीपुरतें नवा अर्थ धारण करतें. शेजारीं पायली-शेरांची जाति घडविली आणि दोहोंची बेरीज मागितली तर यंत्र ती नाकारतें. जुन्या पेढीवरच्या कारकुनाचें शहाणपण यंत्रांत उतरतें.

ह्याच सोयीच्या आधारें ऑन्द्रे चेर्टिक ह्या चेक विद्यार्थ्यानें २००५-०६ च्या सुमारास 'सिम्पाय' ह्या चिन्हगणिताच्या संग्रहाचें काम आरंभिलें. त्यांत अव्यक्त ही एक जाति, पूर्णांक ही दुसरी, घात ही तिसरी, आणि बेरीज व गुणाकार ह्याहि स्वतंत्र जाती. 'या'मध्यें पांच मिळवा असें सांगितलें तर यंत्र उत्तरासाठीं अडून बसत नाहीं. 'बेरीज' नांवाच्या गांठीला 'या' आणि ५ अशा दोन फांद्या लावून तें झाड तसेंच जपून ठेवतें. २ आणि ८ ह्यांच्या वर्गमूळांची बेरीज मागितली तर २ च्या वर्गमूळाची तिप्पट, म्हणजे भास्कराचार्यांचा 'क १८'च, त्यांतून निघतो. ३ आणि ७ ह्यांचीं मूळें दिलीं तर तीं शेजारीं शेजारीं मांडलेलीं परत येतात. २००७ पासून उन्हाळी प्रकल्पांच्या द्वारें विद्यार्थी ह्या संग्रहांत भर घालीत आले आहेत, आणि त्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

ज्युलिया भाषा २०१२ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्या चार निर्मात्यांपैकीं विरल शाह हे भारतीय. आधार योजनेच्या कामांतहि त्यांचा सहभाग होता. पायथॉनमध्यें क्रियेचा अर्थ प्रथम डावीकडील राशीला विचारला जातो, आणि तिला उत्तर देतां आलें नाहीं तर उजवीकडील राशीला. ज्युलियांत मात्र क्रियेंत भाग घेणाऱ्या सर्व राशींच्या जाती एकदम पाहून रीति निवडली जाते. रूप आणि वर्ण, वर्ण आणि तोच वर्ण, वर्ण आणि परवर्ण, असे गुणाकाराचे तीन नियम ज्या मनानें निरनिराळे मांडले, त्या मनाला ही योजना परकी वाटली नसती. ह्या भाषेच्या अपूर्णांकांत भाजकाच्या ठिकाणीं शून्य असलेला अपूर्णांकहि राहूं शकतो, आणि त्यांत कोणताहि पूर्णांक मिळविला तरी तो जसाच्या तसा राहतो. खहराचें हें आधुनिक रूप होय.

जातींचा हा विचार केवळ पंडिती कौतुकाचा विषय आहे असें कोणी समजूं नये. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें 'आरियान ५' हें अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटाच्या आंत नष्ट झालें. एका विस्तृत जातीचा आंकडा एका आंखूड जातींत कोंबण्याचा प्रयत्न त्याच्या आज्ञावलींत झाला होता आणि तो आंकडा तींत मावला नाहीं. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं मंगळाभोंवतीं फिरण्यासाठीं पाठविलेलें अमेरिकेचें यान हरवलें. पृथ्वीवरील एक आज्ञावली आवेगाचें माप पौंड-सेकंदांत देत होती आणि तें घेणारी दुसरी आज्ञावली तें न्यूटन-सेकंदांत आहे असें समजत होती. संख्या बरोबर होती, जाति चुकली होती. रुपये आणि पायल्या ह्यांची बेरीज आकाशांत झाली, आणि तिची किंमत मोजावी लागली.

येथें एका मोहापासून दूर राहिलें पाहिजे. भास्कराचार्यांना संगणक दिसला होता किंवा ह्या भाषांच्या निर्मात्यांनीं 'बीजगणित' वाचून त्या रचिल्या, असें म्हणावयास कांहींहि पुरावा नाहीं. व्हिएतपासून आलेली युरोपीय परंपरा आणि विसाव्या शतकांतील तर्कशास्त्र ह्यांतून ही विद्या स्वतंत्रपणें वाढली. भास्कराचार्यांजवळ आपल्यासारखें समचिन्ह नव्हतें. ज्ञात राशींनाहि अक्षरें द्यावीं, ही कल्पना त्यांच्या लिपींत नाहीं. आणि त्यांच्या जाती ठरलेल्या होत्या, वाचकानें नव्या घडवाव्या अशी योजना त्यांत नव्हती. परंतु दोन काळांतील माणसें एकाच अडचणीपाशीं येऊन एकाच वाटेनें जातात तेव्हां ती वाट मनुष्यबुद्धीला स्वाभाविक आहे, एवढें सिद्ध होतें. आणि तें थोडें नव्हे.

ह्या दोहोंत दुसरेंहि एक साम्य आहे, आणि तें अधिक विचार करण्याजोगें आहे. १८६५ मध्यें डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं पाटण येथील एक शिलालेख प्रसिद्धीस आणिला. तो इ. स. १२०७ चा. यादव राजा सिंघण ह्याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यानें तेथें मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यांतील सामंतांनीं त्याला उत्पन्न नेमून दिलें, असें त्या लेखांत नमूद आहे. लेखाचा शेवटचा भाग संस्कृत नाहीं, मराठी आहे. आणि त्यांत पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हक्क आणि चालत्या घाण्यांमागें ठरलेलें तेल मठाला दिल्याची नोंद आहे. बीजगणिताचें अध्ययन चालावें म्हणून पाटणच्या बाजारानें आपल्या विक्रींतून वांटा दिला.

मठ राहिला नाहीं. ग्रंथ मात्र राहिला. कारण तो एकाच ठिकाणीं कुलुपांत नव्हता. तो गांवोगांवच्या पोथ्यांत उतरला; कोंकणांत नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५४५ मध्यें 'लीलावती'वर उपपत्तीसह टीका लिहिली; 'बीजगणिता'वर कृष्ण दैवज्ञांनीं लिहिली. 'मॅकसिमा'ची कथा ह्याच्या शेजारीं ठेवावी. ती प्रणालि व्यापाराच्या हातीं गेली आणि तिचा तो अवतार कालांतरानें मागें पडला. तिची एक प्रत टेक्सासमधील प्राध्यापक विल्यम शेल्टर ह्यांनीं १९८२ पासून सांभाळली. १९९८ मध्यें त्यांनीं सरकारकडून ती सर्वांना खुली करण्याची अनुज्ञा मिळविली. २००१ मध्यें ते वारले. त्या अनुज्ञेमुळेंच 'मॅक्सिमा' आज जगांत कोणालाहि विनामूल्य मिळते. तीन वर्षें उशीर झाला असता तर एका माणसाबरोबर तीस वर्षांचें काम गेलें असतें.

मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेंत सरकारी साहाय्यानें मुक्तस्रोत प्रणालींच्या प्रसाराचें काम चालतें, आणि तेथेंच आरंभ झालेले 'स्पोकन ट्युटोरियल' हे बोलके पाठ मराठींतहि उपलब्ध आहेत. कऱ्हाडला १९६० पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच्या आसपासच्या मलकापुरांतील एखाद्या विद्यार्थ्याला आज सिम्पायची अथवा ज्युलियाची संपूर्ण संहिता एक पैहि न देतां उघडून वाचतां येते, तींतील चूक दाखवितां येते आणि दुरुस्तीहि पाठवितां येते. पोथीची नक्कल करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला समासांत शुद्धि लिहिण्याचा जो अधिकार होता, तोच हा. परंतु विनामूल्य मिळणारी वस्तु विनाश्रम टिकत नाहीं. तिला वाचणारे, तपासणारे आणि शिकविणारे लागतात, आणि त्यांच्या निर्वाहाची तरतूद कोणाला तरी करावी लागते. पाटणच्या तेल्यांना आणि व्यापाऱ्यांना करणीचें षड्विध ठाऊक असेल असें नाहीं. तरी त्यांच्या घाण्यांतून आणि दुकानांतून त्या विद्येचा वांटा निघत होता, एवढें त्या दगडावर मराठींत स्पष्ट कोरलेलें आहे.